आवाज गेला म्हणून नाही

प्रयोग संपून रंग पुसायला बसले की कुणीतरी आत डोकावतंच. आधी नाटकाविषयी दोन शब्द बोलतात, मग जरा घुटमळतात आणि विचारतात, "ताई, तुम्ही पूर्वी रॉक गायच्या ना? गाणं का सोडलंत?" लगेच आवाज खाली येतो. "आवाज गेला का?"

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये हा प्रश्न मी किती वेळा ऐकलाय, मोजलं नाही. "सांगेन निवांत" म्हणून दर वेळी टाळत आले, कारण उत्तर दोन मिनिटांत मावणारं नाही. परवा मात्र एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं तेव्हा टाळता आलं नाही. ती स्वतः गाते, बँडमध्ये आहे, आणि तिला नाटकात यायचंय. एक धरलं की दुसरं हातातून सुटेल, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तेव्हा आता बसून लिहिते. तिनं विचारलं म्हणून, तुम्ही विचारलंत म्हणून.

सुरुवात आवाजापासूनच करावी लागेल. माझा आवाज यंत्रमागांच्या खडखडाटात घडला. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. माझे वडील, अण्णा, एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की त्याला हात घालून पुन्हा चालू करणारा माणूस. आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जायचा, फणी आपटायची, आणि ते दिवसरात्र चालायचं. आम्हाला त्या आवाजानं झोप लागायची नाही असं कधी झालं नाही. वीज गेली आणि माग थांबले की मात्र सगळी वस्ती जागी व्हायची.

अशा घरात कुणी हळू बोलत नाही. आई टॉवेलच्या कडा शिवायची, शिलाई मशीनचा आवाज वेगळाच. मीठ मागायचं तरी ओरडून. अण्णांशी तर दुसरा मार्गच नव्हता. वीस-बावीस वर्षं मागांमध्ये उभं राहिलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं हे पूर्व भागातल्या कुणालाही विचारा. आधी बारीक, उंच आवाज जातात. घड्याळाचा गजर, चिमणी, कुकरची शिट्टी. मग बोलण्यातले स, श, त निसटायला लागतात, म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही. अण्णा त्या वाटेवर होते. रेडिओवरचं गोड, बारीक गाणं त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. माझा जाड, घोगरा आवाज पोचायचा. "हिचं ऐकू येतं बघ मला," असं ते आईला म्हणायचे, आणि त्यात केवढं समाधान असायचं.

बाहेर मात्र त्या आवाजाला जागा नव्हती. शाळेत स्वागतगीताच्या तालमीत बाईंनी मला आधी मुलांच्या ओळीत उभं केलं आणि मग ओठ हलव, आवाज काढू नकोस असं सांगितलं. बाईंचा तसा दोष नाही. लताबाईंच्या आवाजावर पोसलेल्या आपल्या कानांना बाईचा आवाज म्हणजे तीन सप्तकांतून तारेसारखा जाणाराच हवा असतो. जाड आवाजाची मुलगी म्हणजे काहीतरी चुकलेलं. उषा उथुप यांनाही शाळेच्या गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं, हे मी खूप नंतर त्यांच्या मुलाखतीत ऐकलं. तेव्हा माहीत असतं तर त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले नसते.

मग १९९९ साली, मी नववीत असताना, शेजारच्या अक्कांच्या घरी केबलवर एक इंग्रजी गाणं लागलं. गाणारी बाई होती, आणि आवाज खर्जातला होता. मधूनच त्या आवाजाची यंत्रासारखी घडी पडायची, जशी जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी एकदम वळण घेते तशी. शब्द एकही कळला नाही. मी अक्कांच्या उंबऱ्यावर उभीच राहिले. ती अमेरिकन गायिका शेर होती. आपल्याकडे या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि मला दोन्ही तिला शोभतात असं वाटतं. ते गाणं 'बिलीव्ह', १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं, आणि तेव्हा ती ५२ वर्षांची होती. तिच्याबद्दल आणखी बरंच सांगायचंय, पण ते पुढे. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की मुलांच्या ओळीत उभं करावं असा आवाज असलेली बाई टीव्हीवर गाऊ शकते.

२००२ मध्ये आमचा बँड झाला. चार मुलं आणि मी. ड्रम सेट जुना, बास गिटार पुण्याहून हप्त्यानं आणलेली. सराव एका मित्राच्या वडिलांच्या टॉवेलच्या गोडाऊनमध्ये करायचो. सोलापूरच्या बाहेर कुणाला हे खरं वाटत नाही, पण टेरी टॉवेलच्या गठ्ठ्यांसारखी सरावाची खोली दुसरी नाही. छतापर्यंत गठ्ठे रचलेले, आणि ते आवाज असा पिऊन घ्यायचे की आत गिटार किंचाळत असली तरी बाहेर पानटपरीवर कुणाची मान वळायची नाही. गोडाऊनमधून बाहेर पडलो की केसांत, भुवयांवर, घामावर सुताची पांढरी रुवी बसलेली असायची. तो वास अजून आला की मला गावंसं वाटतं.

गॅदरिंग, इंजिनिअरिंग कॉलेजांचे फेस्ट, गणपतीत एखाद्या हौशी मंडळाचं स्टेज, ३१ डिसेंबरला विजापूर रोडवरची हॉटेलं. पंढरपूर, बार्शी, लातूर. सहा वर्षं गायले. लोक विचारतात, काय मिळायचं त्यात? पैसे नव्हेच. ज्या मुलीला ओठ हलव म्हणून सांगितलं होतं, ती पोटातून एक आरोळी काढते आणि समोरची हजार पोरं तिच्याबरोबर ओरडतात, हे मिळायचं. अण्णा प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. स्पीकरच्या जवळ उभे राहायचे, जिथे बाकी कुणाला उभं राहवत नसे. गाणी इंग्रजी असोत की हिंदी, त्यांना शब्दांशी कर्तव्य नव्हतं. मी वरून बघायचे, ते छातीवर हात ठेवून उभे असायचे. बासचे ठोके छातीत कळतात ना, ते.

आणि हो, २००८ मध्ये आवाज बसला. इथेच सगळे चुकतात, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडच्या कार्यक्रमांत गायकाच्या तोंडासमोर मॉनिटर नसायचा. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे वळवून ठेवलेला स्पीकर. तो नसला की मागून ड्रम, बाजूला गिटार, आणि तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही. मग माणूस नकळत ओरडतो. मी तर जन्मापासून मागांवर आवाज चढवलेली. कानाघशाच्या डॉक्टरांनी नळीतून कॅमेरा घालून दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढी गाठ. त्यांनी समजावलं ते मला अजून आठवतं. साधं बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर येतात. तुम्ही ते ओरडून, दाबून आणलेत की जिथे मार बसतो तिथे घट्टा पडतो. फावडं मारणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसाच. कापायची गरज नाही, वापरायची पद्धत बदलायची. काही दिवस मौन, भरपूर पाणी, मग आवाजाचे व्यायाम.

पाच महिन्यांनी पुन्हा कॅमेरा घातला तेव्हा गाठी नव्हत्या. मी आजही गाते. त्याच पट्टीत गाते, किंबहुना आता जास्त नीट गाते. म्हणजे आवाज गेला आणि म्हणून बाई नाटकाकडे वळली, ही गोष्ट ऐकायला बरी असली तरी ती माझी नाही.

त्या मौनाच्या दिवसांत एवढंच झालं की बँडमधल्या ड्रमरचे मामा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवत होते आणि त्यांना पार्श्वसंगीत सांभाळायला माणूस हवा होता. बोलायचं काम नाही, ठरल्या वाक्याला बटण दाबायचं. मला घरी बसवेना, म्हणून गेले. एका शाळेचा हॉल, रात्री नऊ ते बारा. महिनाभर मी कोपऱ्यात बसून फक्त ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा. घरात मागांनी, स्टेजवर गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अॅम्पनी माझे कान भरलेले असायचे. इथे एक माणूस दुसऱ्याला "जेवलास का?" विचारत होता आणि ते सात तऱ्हांनी विचारता येतं हे मला दिसत होतं.

गिरणी बंद पडलेल्या एका घराची गोष्ट होती. त्यातलं बायकोचं काम करणारी मुलगी परीक्षेमुळे गळाली, आणि तोवर माझं मौन संपलेलं. ते मामा, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "तुला सगळं पाठच आहे. उभी राहा फक्त, दुसरी मिळेपर्यंत."

दुसरी मिळाली नाही. आणि मला एका वाक्यानं पकडलं. नवरा देणी मिळणार नाहीत हे ऐकून घरी येतो. ती चरख्यावर कांडी भरत, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळत, बसलेली आहे. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "पाणी देऊ का?" एवढंच. मी ते म्हटलं. सरांनी थांबवलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा थांबवलं. दहाव्या वेळी ते खुर्चीवरून उठून आले, नवऱ्याचं काम करणाऱ्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अगं, हा इथं दीड हातावर बसलाय. ह्याला विचार. पार्क मैदानाला कशाला विचारतीस?"

मी रडकुंडीला आले. खरंच मला हळू बोलताच येत नव्हतं. हळू म्हटलं की आवाजातली हवाच निघून जायची, कुजबुज व्हायची. तीन रात्री त्या तीन शब्दांवर गेल्या. आणि मग उपाय गाण्यातच सापडला. श्वास आरोळीला घ्यायचा तेवढाच घ्यायचा, पोटातूनच, आणि त्यातला चिमूटभर खर्चायचा. बाकीचा आत धरून ठेवायचा. त्याच्याकडे बघितल्यावर दोन मात्रा मोजायच्या, ड्रमर काठ्यांवर मोजून देतो तशा, आणि तिसरीवर 'पाणी'. त्या रात्री म्हटलं तेव्हा सर काही बोलले नाहीत. समोरच्या नटाचे डोळे भरले. हजार पोरांच्या ओरडण्यानं मला कधी दिलं नव्हतं असं काहीतरी मला त्या एका माणसाच्या डोळ्यांनी दिलं. मी नाटकात आले ती त्या रात्री. आता दुसरं कुठलंही कारण विचारलंत तर ते खोटं असेल.

आता शेरकडे येते, कारण त्यानंतर मी तिचा शोध घेतला आणि ती मला जवळची वाटायला लागली.

जन्म १९४६ चा, कॅलिफोर्नियातला. वडील आर्मेनियन वंशाचे. १९६४ मध्ये तिची एक तबकडी दुसऱ्याच नावानं निघाली, आणि असं सांगतात की कित्येक रेडिओवाल्यांनी ती वाजवलीच नाही, कारण आवाज पुरुषाचा वाटला. हे वाचलं तेव्हा मी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, मुलांच्या ओळीत जाऊन उभी राहिले. पुढच्याच वर्षी, १९६५ ला, सॉनी बोनोबरोबर गायलेल्या गाण्यानं ती घराघरात पोचली. १९७१ पासून दोघांचा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम. भरजरी कपडे, पिसं, मणी, कमरेपर्यंत केस. सगळ्यांच्या मनात तिची एक मूर्ती घट्ट झाली, आणि हीच पुढे तिची अडचण झाली. तिला अभिनय करायचा होता आणि कुणी दारात उभं करत नव्हतं.

मग १९८२ मध्ये तिनं जे केलं त्याचं मला फार अप्रूप वाटतं. ती न्यूयॉर्कला गेली आणि नाटकात उभी राहिली. रॉबर्ट ऑल्टमननं बसवलेलं नाटक. तिच्यासारख्या प्रसिद्ध बाईनं तिथे पडायची शक्यता पुष्कळ होती, आणि पडली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं. तिथे माइक निकोल्सनं तिला पाहिलं आणि 'सिल्कवुड' या चित्रपटात मेरिल स्ट्रीपबरोबर काम दिलं. ओक्लाहोमातल्या अणुइंधनाच्या कारखान्यात काम करणाऱ्या कॅरन सिल्कवुडची ती खरी गोष्ट आहे. शेर तिच्या मैत्रिणीच्या भूमिकेत आहे, डॉली नावाची, त्याच कारखान्यात काम करणारी. आणि निकोल्सनं अट घातली, चेहऱ्याला रंग नाही. ढगळ पँट, विस्कटलेले केस. तिला त्याचा त्रास झाला, हे तिनं पुढे मोकळेपणी सांगितलंय.

मी तो चित्रपट खाली लिहून येणारे शब्द वाचत वाचत पाहिला. कारखान्यातल्या बायका, कामावरून आल्यावरचा त्यांचा थकवा, एकमेकींच्या केसांतून हात फिरवणं. मला वाटलं, ही आमची वस्ती आहे. शेर त्यात काहीही मोठं करत नाही. व्हरांड्यात बसते, बघते, ऐकते. जिच्या एका हातवाऱ्यावर हजारो लोक उठायचे ती बाई गुडघे जवळ घेऊन बसून राहते. हे करायला काय लागतं हे मला माहीत होतं, माझे तीन शब्दांवर तीन दिवस गेले होते.

ती एक प्रसंग सांगते. चित्रपट यायच्या आधी ती बहिणीबरोबर थिएटरात गेली असताना त्याची जाहिरात पडद्यावर लागली. मेरिल स्ट्रीपचं नाव आलं, लोक गंभीरपणे बघत होते. मग तिचं नाव आलं आणि प्रेक्षक हसले. अंधारात, ती तिथेच बसलेली असताना. पुढे त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९८५ मध्ये 'मास्क'साठी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, आणि १९८८ च्या एप्रिलमध्ये 'मूनस्ट्रक'साठी ऑस्कर. पण पुरस्कारांपेक्षा मला तो हसण्याचा क्षण जास्त आठवतो. आणि हेही, की १९८७ मध्येच ती पुन्हा गाण्याकडे आली होती, आणि ऑस्करनंतर दहा वर्षांनी अक्कांच्या टीव्हीवरचं ते गाणं आलं. गाणं सोडलं होतं असं तिच्याबद्दल कोण म्हणेल?

आवाज खरोखर गेल्यावर काय होतं हे पाहायचं असेल तर ब्रिटिश गायिका मेरियन फेथफुलकडे पाहा. १९६४ मध्ये १७ वर्षांची असताना नाजूक, पाण्यासारख्या आवाजात गाऊन ती गाजली. तो आवाज शाबूत असतानाच, १९६७ साली, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात तिनं चेकॉव्हच्या नाटकात काम केलं. पुढे व्यसनं, आजारपण, रस्त्यावरचे दिवस, आणि आवाज तडकून गेला. तेव्हा, १९७९ मध्ये, तिनं तो तडकलेला आवाज घेऊन गाण्याचाच अल्बम काढला, आणि तेच तिचं सर्वात मोठं काम मानलं जातं. आवाज होता तेव्हा अभिनय केला, गेला तेव्हा गाणं. लोकांच्या हिशोबाच्या अगदी उलट.

आणि खरं म्हणजे इतक्या लांब जायचं कारणच नाही. आपल्या फैय्याज सोलापूरच्याच. माझी आजी त्यांचं नाव घेताना "आपली" हा शब्द कधी गाळायची नाही. १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'तली झरीना त्यांनी उभी केली, आणि ती गाणारी की अभिनय करणारी असा प्रश्न कुणी विचारला नाही. २०१५ साली बेळगावच्या नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या तेव्हा आजी नव्हती. असती तर पेढे वाटले असते. मराठी रंगभूमीवर किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, म्हणजे १८८० पासून, नट गातच आला. बालगंधर्वांना कुणी विचारलं नसेल, तुम्ही गायक आहात की नट? मग माझ्या पिढीच्या बाईला का विचारतात? रॉकमुळे, असं मला वाटतं. रॉक म्हणजे परका, तरुणपणीचा, उतरवून ठेवायचा कपडा, अशी समजूत आहे. माझ्यासाठी ते घर होतं. माझ्या आवाजाला पहिली जागा त्यानं दिली.

स्पर्धेच्या दिवशी हुतात्मा भरलं होतं. पडदा उघडायच्या आधी कलाकारांची नावं पुकारतात. माझं नाव आलं आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या. आमच्या कार्यक्रमांना येणारी पोरं होती, प्रेमानंच आली होती. कुणीतरी ओरडलं, "गाणं होऊन जाऊ दे बे!" सभागृह हसलं. मी विंगेत, अंधारात, नऊवारीचा काष्टा धरून उभी. मला तेव्हा शेरची गोष्ट माहीत नव्हती. माहीत असती तर आधार वाटला असता. हात गार पडले होते एवढं आठवतं.

पडदा उघडला. मी चरख्याशी. पहिली काही मिनिटं मागं खुसखुस चालू होती. नवरा आला, बसला. मी बघितलं. एक मात्रा, दोन मात्रा. "पाणी देऊ का?"

रॉकच्या कार्यक्रमात लोक 'वन्स मोअर' म्हणतात. संगीत नाटकातही म्हणतात, गाणं थांबवून पुन्हा घ्यायला लावतात. त्या रात्री हुतात्मामध्ये कुणी काही म्हटलं नाही. पंखेसुद्धा ऐकू येत होते. शिट्टी वाजवणाऱ्या पोरांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी दुकानात भेटला तेव्हा त्यानं नजर खाली करून एवढंच सांगितलं, की त्याचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. आम्हाला त्या वर्षी बक्षीस मिळालं नाही. त्यानंतर मी नाटक करतच राहिले. मालिकांमध्ये लहानमोठी कामं मिळतात तेव्हा रात्रीची सिद्धेश्वर पकडून मुंबईला जाते, काम करून परत येते. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

पण त्या रात्रीचं एक राहिलं, आणि तुम्ही गाण्याचं विचारता तेव्हा माझ्या मनात खरं तर हेच येतं.

अण्णा तिसऱ्या रांगेत बसले होते, मधोमध, सवयीप्रमाणे जितकं जवळ बसता येईल तितकं. प्रयोगानंतर मी सायकल स्टँडजवळ त्यांना भेटले. चेहरा उजळलेला होता. म्हणाले, "छान बसली होतीस. लोक रडत होते गं माझ्या बाजूला." मग थोडं थांबून, जरा ओशाळून विचारलं, "काय म्हणालीस तू त्याला? तो आल्यावर?"

सहा वर्षं माझा एकही कार्यक्रम न चुकवणारा माणूस, ज्याला जगातल्या सगळ्या आवाजांत माझा आवाज ऐकू यायचा, त्याच्या मुलीनं महिनाभर घासून आवाज एवढा लहान केला होता की तो सगळ्या सभागृहाला पोचला आणि त्याला नाही. मला हे एकदाही सुचलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं नाही. मग तिथे, स्कूटर काढणाऱ्या लोकांच्या मध्ये उभी राहून मी पोटातून, गोडाऊनमधल्या आवाजात ओरडले, "पाणी देऊ का!" माणसं वळून बघायला लागली. अण्णा म्हणाले, "हां. पाणी." आणि त्यांचे डोळे तिथे भरले.

गाणं सोडलं का या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात खरं दुःख हे आहे. आवाजाच्या गाठींचं नाही, पैशांचं नाही, शिट्ट्यांचंही नाही. मी जे मिळवलं ते अण्णांच्या कानांच्या पलीकडचं होतं.

त्यावर आम्ही आमच्यापुरता मार्ग काढलाय. रविवारी सकाळी मी घरी गाते. जुना अॅम्प अजून आहे, अण्णांची खुर्ची त्याला चिकटून. गिटार मला जेमतेम येते, पण आवाज पूर्ण सोडते, डॉक्टरांनी शिकवलं तसा. ते अॅम्पवर तळहात ठेवून बसतात. आणि नाटक ठरलं की त्याची संहिता दिग्दर्शकाच्या आधी अण्णांकडे जाते. मी ती मोठ्या अक्षरांत छापून आणते. ते चष्मा लावून दोनदा वाचतात, माझ्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारतात. प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसून ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणतात. मला वरून दिसतं.

यंदा ते जुनं गिरणीचं नाटक आम्ही पुन्हा करतोय. तालमीला अण्णा आले होते. प्रवेश संपल्यावर सरळ चालत माझ्यापाशी आले, माझा हात धरला आणि सुतावर ठेवला. "इतकी वर्षं चुकीचं करतीस," म्हणाले, "ओढू नको. बोटातून जाऊ दे नुसतं. ताण बोटाला कळतो."

तेव्हापासून मी रोज अर्धा तास नुसत्या कांड्या भरतेय.